कासवाच्या काठावरचे दोन दाणे

साचा तडकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आ-खिमने नेहमीसारखा तेलाचा हात फिरवला, पिठाचा लाल गोळा आत दाबला, साचा उलटा करून ओट्यावर आपटला, आणि पानावर कासव पडलं ते पाठीवर उभा वण घेऊन. मानेपासून थेट शेपटीपर्यंत. तिने साचा दाराकडे धरला. लाकडातून उजेड आला.

तरी तिचं बोट तड्याकडे गेलं नाही. ते गेलं शेपटीच्या टोकाशी, कोरीव खोबणीच्या काठावर, जिथे दोन इवल्या खाचा होत्या. शेजारीशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या शाबूत होत्या. मग कुठे तिने श्वास सोडला.

गाळाने बुजलेल्या त्या जुन्या बंदरगावात लाल कासवाशिवाय पान हलत नाही. पोर महिन्याचं झालं, कासवं. म्हाताऱ्याने साठी ओलांडली, कासवं. देवाचा वाढदिवस, थडग्यांवरचं गवत काढायचा दिवस, नवी होडी पाण्यात घालायचा दिवस, कासवं. चिकट तांदळाचं लाल आवरण, आत मुगाचं गोड पुरण, पाठीवर तेरा घरं आणि मधोमध दीर्घायुष्याचं अक्षर. तांदूळ सगळ्यांचा तोच, मूग तेच, साखर तीच. पण कासव हवं ते आ-खिमचं. "तिचं गोड असतं," गाव म्हणायचं. का गोड असतं विचारलं, तर कुणालाच सांगता यायचं नाही. हातगुण म्हणायचे आणि दुसरं उचलायचे.

आ-खिमला मात्र ठाऊक होतं. त्या खाचांमुळे प्रत्येक कासवाच्या काठावर दोन दाणे उमटायचे. डोळ्याला ते दिसायचेही नाहीत. पण खाणाऱ्याची जीभ चाचपडत तिथवर यायची, थबकायची, दाण्यांवरून एकदा जायची, पुन्हा जायची. आणि त्या थबकण्यातच गोडी पाझरायची. बावीस वर्षं ती लोकांची तोंडं बघत आली होती. सगळ्यांचा जबडा एकाच जागी थांबतो हे तिने पाहिलं होतं.

त्या खाचा आ-यानच्या होत्या.

आ-यान म्हणजे पाकोळी. मुलगी झाली तेव्हा वळचणीला पाकोळ्यांनी घरटं केलं होतं, म्हणून ते नाव. नऊ महिन्यांची होती. आईच्या पाठीला कापडाने बांधलेली असायची, आणि आई जातं ओढत गुणगुणायची:

*जात्या रे बाबा जात्या, पांढरं दूध दे,*
*पाठीवर पाकोळी निजली, हळूहळू घे.*

दात येत होते तिचे, खालचे दोन. हिरड्या शिवशिवायच्या, सापडेल ते तोंडात. एका दुपारी आ-खिमची पाठ वळली आणि पोरीने पाण्यात फुगलेला साचाच तोंडात धरला. सासूने हिसकावून घेतला. "देवाचा साचा आहे तो! उष्टा केलास की गं भवाने!" पोर हसली होती. सगळं मिळून दोन दातांचं ते हसू.

पंधरा दिवसांनी, वाऱ्याच्या महिन्यात, तिला ताप आला. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

आईबापाच्या आधी जाणाऱ्या तान्ह्याला तिथे काही मिळत नाही. देव्हाऱ्यात नावाची पाटी नाही, उदबत्ती नाही, मोठ्यांनी रडायचंही नाही. भरती यायच्या आत तिंग-हाई, आ-खिमचा नवरा, कापडाची वळकटी घेऊन एकटाच गेला आणि एकटाच परत आला. त्याचे कालवांचे वाफे होते खाडीत. तो सरळ कालवं फोडायला बसला. सासू म्हणाली, "आली नव्हती असं समज." त्या दिवसापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलं नाही, आणि तिंग-हाईने बायकोच्या हातचं एकही कासव खाल्लं नाही. एवढंच. पुढे सासूही गेली, तिची पाटी मात्र देव्हाऱ्यात बसली.

म्हणजे आ-यानचं म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते त्या दोन खाचा.

*

साचे कोरणारा म्हातारा खो देवळामागच्या बोळात बसायचा. तिंग-हाईच्या थोरल्या भावाचा मित्र, म्हणून आ-खिम त्याला भाऊजी म्हणायची. तिने तडकलेला साचा त्याच्यापुढे ठेवला.

"याच्यासारखा नवा हवा, भाऊजी. हुबेहूब."

खोने साचा उलटापालटा केला. "वहिनी, हे कासव नाही राहिलं आता. बटाटा झालाय. तेरा घरांतली चार तरी दिसतात का बघा. असू दे, मी असं कोरतो की गाव तोंडात बोट घालेल."

"तोंडात कासव घालू दे गावाला. बोट कशाला?"

म्हातारा खदखदून हसला. ती निघाली. खाचांविषयी बोलायला तिची जीभ वळली नाही. जे नाव घ्यायचं नाही, त्याची गोष्ट कुठून सुरू करायची? आणि नवा साचा आला तरी जुना आहेच की, तो फळीवर ठेवू, असं ती मनाशी म्हणाली.

नवव्या दिवशी ती साचा आणायला गेली. खोने तो तलम कापडात गुंडाळून ठेवला होता. उघडला, आणि खरंच तिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. तेराच्या तेरा घरं, प्रत्येकाच्या कडा विळ्यासारख्या. पायांना नखं. अक्षराचा एकेक फराटा असा, की वाचायला चष्मा नको. बोळातले दोघेतिघे वाकून बघू लागले.

"आणि जुना, भाऊजी?"

"त्याची काळजी नको. दिला अग्नीला."

तिने कापड उलटून झटकलं, जणू जुना त्यातच असेल.

"दीर्घायुष्याचं अक्षर होतं ना त्यावर," खो समजावून म्हणाला. "अक्षराची वस्तू फळीवर धूळ खात ठेवू नये, उकिरड्यावर तर नाहीच. देवळामागच्या अक्षरांच्या भट्टीत मी स्वतः घातला. हात धुऊन, उदबत्ती लावून. तुमची खेप वाचवली."

यात चुकीचं काय होतं? कागदाच्या कपट्यावरही अक्षर असलं तरी गाव तो त्याच भट्टीत नेतं. खोने तिच्या घराला पुण्यच जोडलं होतं. आ-खिमने वाकून आभार मानले, साचा छातीशी धरला आणि घरी आली. वाटेत भट्टी लागली. तिच्या तोंडाशी राख होती, वाऱ्याने नागमोडी झालेली. ती थांबली नाही. थांबली असती तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं?

*

नव्या साच्यातली पहिली कासवं देखणी निघाली. गाव बघायला आलं. समोरच्या उदबत्तीच्या दुकानातल्या सिऊकाकूने एक उचलून उजेडात धरलं. "हे खायचं की भिंतीला टांगायचं गं?"

मग तिने चावा घेतला. आ-खिम तिच्या जबड्याकडे बघत होती. जबडा थांबला नाही. नुसताच चालत राहिला.

"मूग जुने का गं?"

"या आठवड्याचेच आहेत."

"मग साखर कमी पडली असेल. कडसर लागतंय." सिऊकाकूने जीभ टाळूला घासली. "टोचतंय पण कुठेतरी. आता एवढं मऊ पीठ, त्यात टोचायला काय असणार? वय झालं माझं."

पण वय न झालेलेही तेच म्हणाले. नव्या होडीचा मालक म्हणाला, आंबटसर आहे. बारशाच्या घरून निरोप आला की दिसायला लाखात एक, पण मुलांनी अर्धी टाकली. आ-खिमने साखर वाढवली. मग म्हणाले, गोड मिट्ट आहे पण गोड नाही.

एका दुपारी तिने दार ओढून घेतलं आणि एकाच पिठाचे, एकाच पुरणाचे तीन गोळे केले. एक तळहातावर नुसता गोल वळला. एक वाटीच्या बुडाखाली दाबला. तिसरा साच्यात. तिन्ही एकाच टोपलीत वाफवले. डोळे मिटून खाल्ले. गोल गोळा गोड लागला. वाटीचा जरा फिका. आणि साच्यातलं कासव, तेच पीठ, तीच साखर, तोंडात गेल्यावर जणू दारं लावून बसलं. जीभ कडेकडेने फिरली, तेरा घरांना टेकली, कुठेच तिला आत घेईना.

खोच्या कानावर गेलंच. तो काठी टेकत आला, ओट्याशी बसला, म्हणाला, "द्या इकडे." डोळे मिटून सावकाश खाल्लं.

"माझंच चुकलं, वहिनी. मी डोळ्यांसाठी कोरलं. जीभ आंधळी असते. ती चाचपडत येते. तिला धारेवर धरलं तर कडू म्हणणारच." त्याने खिशातून काचकागद काढला आणि तिथेच बसून साऱ्या कडा मारल्या, बोट फिरवून, पुन्हा मारून. कासव मऊ झालं. टोचेनासं झालं.

गोड मात्र झालं नाही.

"आता काय कमी आहे?" खो स्वतःशीच पुटपुटला.

आ-खिम चुलीत लाकूड सारत राहिली. जे कमी होतं ते त्याने हात धुऊन, उदबत्ती लावून जाळलं होतं.

*

मग वाऱ्याचा महिना आला. त्या गावचा वारा समुद्रावरून निघतो तो मूठभर रेती घेऊनच. दारं लावली तरी रेती भांड्यात, अंथरुणात, दातांखाली. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे भिंतीला धरून चालतात.

अशाच एका दुपारी, ऊन पिवळं पडलेलं असताना, आ-खिमने टोपलीचं झाकण काढलं. वाफ विरली. पहिलं कासव तिने पानासकट हातावर घेतलं आणि काठावर काहीतरी बोटाला लागलं. रेती, तिला वाटलं. नखाने काढायला गेली. निघेना.

दोन दाणे. शेपटीच्या टोकाशी, शेजारीशेजारी.

तिने दुसरं पाहिलं. तिसरं. टोपलीतल्या बाराही कासवांवर, त्याच जागी. तिने साचा घेतला, काठावर बोट फिरवलं. गुळगुळीत. ओलं बोट फिरवलं, कोरडं फिरवलं, शेवटी जीभ लावून पाहिली. काचकागदाने मारलेलं सपाट लाकूड, तेलाचा वास, बाकी काही नाही. कासवावर मात्र दोन दाणे होते.

बाहेर वारा दाराला रेती फेकत होता. आ-खिम खाली बसली. मग तिने ते कासव तोंडाशी नेलं. जीभ चालत चालत काठाशी आली आणि थबकली.

त्या संध्याकाळी सिऊकाकू दोन कासवं खाऊन गेली आणि दारातून परत फिरली. "बाई गं, सापडली का तुझी साखर?"

*

आठ दिवसांनी दाणे चार झाले. दोनासमोर दोन. मधे तोंड उघडावं एवढी जागा.

आपण घाबरायला हवं हे आ-खिमला कळत होतं. रात्री मन बजावायचं, उद्या साचा खोकडे नेऊन टाक. पण सकाळी पीठ मळताना हात आपोआप घाई करायचे. उकडलेला गोळा कच्च्या पिठात मिसळताना ती पुन्हा गुणगुणू लागली होती. बावीस वर्षांत जात्यावर तिने तोंड उघडलं नव्हतं.

सहा. मग आठ. एक मोठा दाणा मागच्या बाजूला, एकटाच. तो उमटला त्या दोन दिवसांत गावाला कासव किंचित खारट लागलं, आणि सगळ्यांना कारण नसताना चिडचिड झाली. दाढ येताना पोरं किरकिरतात, आ-खिमने मनात म्हटलं, आणि तिचा हात थांबला. आपण किती सहज म्हटलं हे!

गावाची चव बदलत गेली. आधी म्हणायचे, दुधासारखं लागतंय. पुढे म्हणाले, भाताच्या पेजेसारखं. नंतर कुणीतरी म्हणालं, पहिल्यांदा आंबा खाल्ला होता ना, तसं. लोक पान हातात घेऊन ओट्याशीच उभे राहायचे. ओठ आत ओढलेले, गाल हलताहेत. होडीचा धिप्पाड मालक खाऊन झाल्यावर अंगठा तोंडात घालून वाऱ्याकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. त्याच्या बायकोने दंडाला धरून हलवला तेव्हा दचकला. "काय झालं?" "काही नाही." "अंगठा काढा आधी!" कुणी हसलं नाही, कारण हसणाऱ्यांचेही अंगठे ओठांपर्यंत आले होते.

तिंग-हाई ओट्याच्या पलीकडे बसून कालवं फोडायचा. एकदा म्हणाला, "तू गातेस हल्ली."

"वारा असतो. कुणाला ऐकू जात नाही."

"जातं," तो म्हणाला, आणि पुढचं कालव उघडलं.

वर्ष संपता संपता दाणे वीस झाले. वर दहा, खाली दहा. आता ते लपणारे नव्हते. कासवाच्या काठावर स्पष्ट वेलांटी उमटायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी इवल्या तोंडाने चावा घेऊन कासव पुन्हा जागेवर ठेवलंय.

*

नव्या वर्षाच्या नवमीला आभाळआजोबांचा वाढदिवस. सगळ्या देवांच्या वरचा देव तो. त्याच्या ताटात लाल कासव हवंच, आणि ते कसं, तर निर्मळ. मोडकं नको, चिरलेलं नको, कुणाचा श्वासही लागलेला नको. देवळाची कासवं दरसाल आ-खिमकडूनच जायची. सप्तमीला दुपारी खो आला तो चेहरा पाडून.

"वहिनी, हे बघा." त्याने पानातलं कासव ओट्यावर ठेवलं. "हे माझ्या पटाशीचं काम नाही. आठवडाभर म्हटलं, तुमच्या हातून काही होत असेल. पण मी चार पिढ्यांचा कोरणारा आहे, दात ओळखतो मी. द्या तो साचा."

तिने दिला. त्याने काठावर बोट फिरवलं, उजेडात धरलं, पुन्हा फिरवलं.

"लाकडात नाही. लाकडात नाहीये, वहिनी."

"हो. माहीत आहे मला."

"उष्टं कासव आभाळआजोबांपुढे ठेवणार? गावावर काय ओढवेल?" त्याने झोळीतून पटाशी काढली. "काठ सगळा एक सूत खाली घेतो. नाही गेलं तर साचा भट्टीत. दुसरा करून देतो रातोरात."

"एकदा घातलात ना भट्टीत?"

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ओट्यापलीकडे तिंग-हाईची सुरी थांबली.

"एक घातलात, भाऊजी. त्याच्या काठाला दोन खाचा होत्या. तुम्हाला वाटलं असेल, उंदराने कुरतडलंय. त्या माझ्या लेकीच्या होत्या. खालचे दोन दात आले होते तिला. तिची पाटी नाही, थडगं नाही, एक चिंधी नाही. तेवढंच होतं. बावीस वर्षं मी ते गावाच्या तोंडात घालत होते, म्हणजे ती कुणाच्या तरी जिभेवर तरी असेल." तिने ओट्यावर तळवे टेकले. "आ-यान नाव होतं तिचं."

घरात ते नाव पडलं आणि कुठेच गेलं नाही. तसंच राहिलं, ओट्यावर, कासवाच्या शेजारी.

खोने पटाशी झोळीत ठेवली. "मला सांगायचं तरी, वहिनी."

"कसं सांगणार होते?"

"त्या दोन खाचा... मी कोरून देतो. हुबेहूब देतो."

"तुम्ही कोराल त्या तुमच्या असतील."

त्याने मान हलवली. कारागीर होता, त्याला ते समजलं. मग त्याने पानातलं कासव उचललं आणि डोळे मिटून खाल्लं. आ-खिमने त्याचा जबडा थांबताना पाहिला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी सुरकुत्यांत उतरलं. "किती वर्षांची झाली?" त्याने विचारलं, शेजारणीच्या मुलीचं विचारावं तसं.

"वीस दात आहेत. पाच, सहा असेल."

"परवा नवमी आहे, वहिनी," तो उठताना म्हणाला. "साचा तुमचा, लेक तुमची. पण उद्या संध्याकाळी मी कासवं न्यायला येणार. चावलेलं एकही निघालं, तर मला साचा मागावाच लागेल. गाव ऐकणार नाही."

*

अष्टमीला सकाळी वारा पडला. वाऱ्याचा महिना लागल्यापासून पहिल्यांदाच. गाव कानात बोटं घातल्यासारखं शांत होतं.

आ-खिमने केस धुतले, धुतलेले कपडे घातले. पीठ मळलं, पुरणाचे गोळे वळले, खाडीकाठच्या झाडाची रुंद पानं तेल लावून मांडली. मग ओला साचा मांडीवर घेतला. त्यावर वाकली. कोरीव खोबणीत अंधार होता, मुठीएवढा.

"ऐक," ती म्हणाली. "आज मोठ्या आजोबांचं आहे. आज तोंड मिटून बसायचं. एकदाही चावायचं नाही. शहाणी ना माझी?"

साच्याचं लाकूड तिच्या मांडीला गरम लागलं. अंगाचा असतो ना, तेवढा गरमपणा.

तिने पहिलं कासव दाबलं, आपटलं. काठ कोरा. दुसरं, कोरा. दहा, वीस, तीस. तेरा घरं, चार पाय, मधे अक्षर, आणि काठ चंद्रासारखा साफ. तिंग-हाई सुरी ठेवून शेजारी येऊन बसला होता. तो पानं पुढे सरकवत होता, एकेक. टोपल्या वाफेवर चढल्या. वाफेपाशी वेडंवाकडं बोलायचं नसतं. ती दोघं जाळ सारखा करत राहिली. फक्त एकदा, मधल्या टोपलीचं झाकण आपोआप किंचित उचललं गेलं आणि परत बसलं, हळूच, तोंडावर हात दाबून हसू आवरावं तसं.

संध्याकाळी खो आला. एकेका कासवाच्या काठावर बोट फिरवलं. शेवटच्या कासवाशी तो थांबला, आ-खिमकडे बघितलं आणि खाली मान घालून कासवं घेऊन गेला. साच्याचं त्याने नावही काढलं नाही.

परातीत एका कासवापुरतं पीठ उरलं होतं.

"हे तुझं," आ-खिम साच्याला म्हणाली. "आता चाव."

ते कासव वाफवून निघालं तेव्हा अंगणात अजून तांबडा उजेड होता. वेलांटी उमटली होती. वरचे दहा, खालचे... तिने मोजले नाहीत, जिभेनेच शोधले. खालच्या ओळीत पुढे एक फट होती. आणि फटीच्या शेजारी, पिठात रुतलेलं, काहीतरी टणक तिच्या दाताला लागलं. रेती नव्हती. वारा तर पडला होता.

तिने ते तळहातावर काढलं. पांढरं, इवलं, टोकाशी झिजलेलं. दुधाचा दात.

तिंग-हाईने तिच्या हाताकडे पाहिलं. कालवांनी फाटलेली त्याची बोटं पुढे आली आणि त्याने तो दात उचलला. किती हलक्या हाताने! उजेडात फिरवून पाहिला.

"खालचा आहे," तो म्हणाला.

"खालचाच."

"मग कौलांवर जायचा."

वरचा पडला तर पलंगाखाली, खालचा पडला तर छपरावर; नवा दात त्या दिशेने धावतो. आणि टाकताना पावलं जुळलेली हवीत, नाहीतर दात वाकडे येतात. गावातला प्रत्येक बाप आपल्या पोराला अंगणात उभं करून हे शिकवतो. तिंग-हाई अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. खाली बघून त्याने पावलं जुळवली, एक जरा पुढे होतं ते मागे घेतलं. पन्नाशीचा माणूस, लहान मुलासारखा ताठ.

"काय म्हणायचं असतं?" त्याने विचारलं. "मी विसरलो."

आ-खिमही त्याच्या शेजारी पाय जुळवून उभी राहिली.

*खालच्या दाता, वर जा, वर,*
*पाकोळीच्या घराशी उतर,*
*जुना घे नि नवा दे,*
*सरळ दे नि पक्का दे.*

"आ-यान," तिंग-हाई म्हणाला. बावीस वर्षांनी. आवाज फाटला, पण म्हणाला. "आ-यान, पोरी, हा घे." आणि त्याने हात वर केला.

दात कौलावर टिक करून पडला. घरंगळला. एका कौलावरून दुसऱ्यावर, खाली, अजून खाली, वळचणीच्या काठापर्यंत. दोघांनी श्वास रोखला. आणि तिथे, काठावर, तो थांबला. कुणीतरी झेलल्यासारखा.

मग तिंग-हाई ओट्याशी गेला आणि उरलेलं कासव त्याने उचललं. उभ्यानेच चावा घेतला. त्याचा जबडा चालला, मंद झाला, थांबला.

"कसं लागतंय?" आ-खिमने विचारलं.

"फट लागतेय," तो म्हणाला. जीभ पुन्हा एकदा तिथे गेली असावी, गाल हलला. "इथे. पुढे. एवढीशी."

"गोड?"

त्याने नुसती मान हलवली आणि अर्धं कासव तिच्या हातात दिलं. दोघं अंगणात उभी राहून खात होती. उजेड कौलांवरून निघून चालला होता.

तेवढ्यात वर कौलांवर एक हलका आवाज झाला, कुणीतरी इवली पावलं जुळवून उडी मारावी तसा. मग आणखी एक, थोडा दूर. मग शेजारच्या छपरावर.

दोघांनीही वर पाहिलं नाही.